निमित्त आणि सबब : आत्मभक्षक तलवारीचा नैतिक पेच

शस्त्रालाच स्वतःची इच्छा असेल, तर त्या शस्त्राने घडलेल्या हत्येचा कर्ता कोण? अद्भुतकथेत हा प्रश्न पुष्कळदा सूचित झालेला आहे. भूमिका घेऊन खेळावयाच्या खेळाच्या संहितेत मात्र तो निराळ्या स्वरूपात उभा राहतो. कारण तेथे कर्त्याची जागा प्रत्यक्ष खेळाडूने भरावयाची असते.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक खेळाडू एकेका पात्राच्या वतीने बोलतो, संचालक उरलेल्या जगाच्या वतीने बोलतो आणि अनिश्चित कृतींचा निकाल फाशांनी लागतो. या खेळासाठी लॉरेन्स शिक यांनी लिहिलेल्या 'व्हाइट प्ल्यूम माउंटन' (१९७९) या साहससंहितेत 'ब्लॅकरेझर' ही काळी तलवार प्रथम आली. मायकेल मूरकॉक यांच्या एल्रिककथांतील 'स्टॉर्मब्रिंगर'शी तिचे नाते उघड आहे. दोन्ही तलवारी सचेतन आहेत. दोन्ही मारलेल्याचा आत्मा गिळून धारकाला बळ देतात. 'द ड्रीमिंग सिटी' (१९६१) या कथेत एल्रिकच्या हातातील तलवारीनेच त्याच्या प्रेयसीचा, सायमोरिलचा, अंत होतो. तेथे वाचक शोकात्म घटनेचा साक्षी असतो. संमती देण्याचा वा नाकारण्याचा प्रसंग त्याच्यावर येत नाही. खेळाडूवर नेमका तोच येतो.

२०१४ च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मधील नियम या दृष्टीने बारकाईने वाचण्याजोगे आहेत. तलवारीशी जुळवून घेण्यासाठी पात्राला किमान एक तास तिच्या सान्निध्यात एकाग्र व्हावे लागते. तीन दिवस तिला आत्मा मिळाला नाही, तर पुढील सूर्यास्ताला तिचा धारकाशी संघर्ष होतो. त्यात ती जिंकली तर आपली मागणी पुढे करते. मागणी धुडकावली, तरच तिला धारकाचा ताबा घेण्याचा प्रयत्न करता येतो. तो परतवण्यासाठी वीस बाजूंच्या फाशावर, पात्राची भर धरून, किमान १६ यावे लागतात. अन्यथा पात्र काही तास तिच्या आज्ञेत राहते.

या क्रमातच नियमाचे नैतिक मर्म आहे. सक्ती नकारानंतर येते. ज्याने मागणी मान्य केली, त्याच्यावर ताबा मिळवण्याची तलवारीला गरजच उरत नाही. म्हणून 'तलवारीने करवले' हे विधान ज्याने आधी 'नाही' म्हटले, त्याच्याच तोंडी शोभते. अर्थात तोही सर्वस्वी निर्दोष ठरत नाही, कारण तिची भूक ठाऊक असूनही त्याने ती हाती धरलेली असते. तथापि स्वीकाराचा दोष आणि हत्येचा दोष यांत अंतर आहे, आणि ते पुसून टाकणे अन्यायाचे होईल.

खेळात कोणी मरत नाही, मग ही नैतिक चर्चा कशाला, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो हत्येपुरता बरोबर आहे. सबबीच्या बाबतीत मात्र तो टिकत नाही. 'माझे पात्र असेच वागले असते', असे म्हणून खेळाडू जेव्हा सोबत्यांवर अन्याय करणारा निर्णय पुढे रेटतो, तेव्हा पात्राने तलवारीकडे बोट दाखवावे तसे तो पात्राकडे बोट दाखवीत असतो. हत्या काल्पनिक असते. दुखावला जाणारा सोबती काल्पनिक नसतो.

मराठीत 'निमित्त' या एकाच शब्दात कारण आणि सबब हे दोन्ही अर्थ नांदतात. माणूस केवळ निमित्त झाला, असेही म्हणता येते. आणि त्याने निमित्त शोधले, असेही. पहिल्या अर्थाचा आसरा घेणाऱ्याने दुसरा अर्थ आधी तपासून पाहिला आहे काय, एवढेच विचारावयाचे असते. ब्लॅकरेझरचा नियम ते विचारतो : सूर्यास्ताला मागणी आली, तेव्हा उत्तर काय दिले?