जुनी मोटार की नवी फटफटी?

घरात एक जुनी मोटार आहे. ती चालते, परंतु तिच्यावर निर्धास्तपणे विसंबावे अशी तिची अवस्था राहिलेली नाही. हाताशी जी रक्कम जमली आहे तीत दोहोंपैकी एकच गोष्ट होण्यासारखी आहे : मोटारीचे यंत्र, चाके, आसने, रंग हे सारे बदलून तिला नव्यासारखी करून घ्यावी, अथवा तिला निरोप देऊन एक नवी मोटारसायकल दारात आणावी. आपल्या समाजातील मध्यम स्थितीच्या अनेक घरांत हा प्रश्न आज निघतो. आणि तो निघाला म्हणजे घरात दोन पक्ष पडतात, असा आमचा अनुभव आहे. बाहेरून पाहणारास वाटते की हा निव्वळ हिशेबाचा प्रश्न आहे, कागद-पेन्सिल घेऊन बसले की तासाभरात सुटेल. आम्हांस तसे वाटत नाही.

हिशेबाचा भाग मात्र प्रथम उरकून टाकू, कारण तो खरोखरच थोडा आहे. शंभर घनसेंटिमीटरची साधी मोटारसायकल एक लिटर पेट्रोलात पन्नास-साठ किलोमीटर जाते. जुनी मोटार दहा-बारा किलोमीटर गेली तरी मालक समाधान मानतो. खाजगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याचे शुल्क २०२२ साली ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आणि वीस वर्षांवरील मोटारींसाठी २०२५ साली १०,००० रुपये झाले. पेट्रोलात आता वीस टक्के इथेनॉल येते, त्याने जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि गास्केटे लवकर खराब होतात. कोकणपट्टीची खारी हवा व चार महिन्यांचा पाऊस पत्र्याला काय करतो हे आपणांस सांगावयास नको. केवळ आकड्यांचा कौल घ्यावयाचा तर मोटारसायकल जिंकते, आणि इथेच लेख संपावयास हवा. तरी तो प्रश्न घरोघर इतका काळ रेंगाळतो, याचा अर्थ आकड्यांच्या पलीकडचे काही त्यात अडकलेले आहे.

उदाहरणादाखल प्रीमियर पद्मिनी घ्या. १९६४ पासून मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० डिलाइट या नावाने ही मोटार निघू लागली, सत्तरीच्या दशकात तिचे ‘पद्मिनी’ असे नामकरण झाले आणि चालू शतकाच्या आरंभी ती निघणे बंद झाले. मुंबईच्या रस्त्यांवरील तिच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींचा वीस वर्षांचा मुदतकाळ २०२३ च्या ऑक्टोबरात संपला, तेव्हा वर्तमानपत्रांनी एखाद्या वृद्ध नटीच्या मृत्यूची बातमी द्यावी तशी ती दिली. १०८९ घनसेंटिमीटरचे यंत्र, कार्ब्युरेटर, चारी चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रमचे ब्रेक. ज्या घरी ही मोटार अद्याप आहे तेथे तिने नवरानवरी आणली आहे, बाळंतीण आणली आहे, माघातल्या जत्रेला आजीला देवळाच्या पायऱ्यांपर्यंत पोचविले आहे. दर दसऱ्यास तिच्या कपाळी झेंडूची माळ चढली आहे. अशा वस्तूस ‘भंगार’ म्हणताना जीभ अडखळते, आणि ती अडखळते यात काही वाईट आहे असे आम्हांस वाटत नाही. ज्याची जीभ यत्किंचितही अडखळत नाही त्याच्या हाती घरातील इतर जुन्या गोष्टीही फारशा सुरक्षित नसाव्यात.

परंतु ममता ही एक गोष्ट आणि तिच्यासाठी काय करावे हा निर्णय ही दुसरी. मोटारीचे यंत्र बदलले, चाके बदलली, आसने बदलली, पत्राही अर्धाअधिक नवा घातला. मग जी उरली ती आजीला जत्रेला नेणारी मोटार आहे काय? हा प्रश्न फार जुना आहे. राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादात तो रथाच्या रूपाने येतो. आपण रथातून आलात, तर रथ म्हणजे काय, असे नागसेन विचारतो. आंस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येकास नाही म्हणत जातो, आणि शेवटी त्याला कबूल करावे लागते की या सर्वांच्या आधारे व्यवहारासाठी ठेवलेले नाव म्हणजे रथ. आजच्या कायद्यास एवढ्या सूक्ष्मात शिरण्याची सवड नाही. त्याच्या दृष्टीने मोटारीचे अस्तित्व सांगाड्यावर कोरलेल्या चासी क्रमांकात आहे. तो क्रमांक आणि नोंदणीपत्र यांचा मेळ बसला पाहिजे, आणि निर्मात्याने मूळ ठरविलेल्या तपशिलाहून नोंदणीपत्रातील तपशील वेगळा पडेल असा फेरफार मोटारीत करता येत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचे हे म्हणणे २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्धपणे उचलून धरले. उलट, पन्नास वर्षांवरील आणि मूळ रूपात जपलेल्या मोटारींस ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी देण्याचे नियम २०२१ साली झाले. पण ते प्रदर्शनाचे वैभव आहे, बाजारहाटाला नेण्याचे वाहन नव्हे. म्हणजे कायदा म्हणतो : जशी आहे तशी जपा, नाहीतर सोडा. ‘जुन्या देहात नवा प्राण’ ही जी हौस तरुण मंडळींस असते, तिला कायद्याने फारच थोडी जागा ठेवली आहे. गॅरेजवाला हे आपणहून सांगत नाही.

कायदा सांगतो त्याहून खोल उत्तर आपल्या देवस्थानांच्या इतिहासात आहे असे आम्हांस वाटते. सोळाव्या शतकात कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा यांना घेऊन आपले पूर्वज अघनाशिनी ओलांडून अंत्रुज महालात आले. मागे राहिली ती देवळे पाडली गेली. प्रियोळात, कवळ्यात, म्हार्दोळात पुढे जी देवळे उठली त्यांचा दगड नवा, लाकूड नवे, जागाही नवी. तरी ‘हा दुसरा देव’ असे कोणा महाजनाच्या मनातदेखील कधी आले नाही. काय टिकले? भिंती टिकल्या नाहीत, सेवा टिकली. ज्या घराण्याकडे जो मान होता, ज्या कुळाकडे जे काम होते, ते नव्या ठिकाणी तसेच उभे राहिले. पुढे जीर्णोद्धाराच्या वेळीही हीच समजूत पाळली जाते. देवाचे तत्त्व कलशात आवाहन करून तात्पुरत्या जागी ठेवतात, गर्भागार मोकळे करून काम करतात, मग पुन्हा प्रतिष्ठा होते. वास्तू आणि तिच्यात राहणारे तत्त्व यांतील भेद आपल्या शास्त्रकारांनी इतका स्वच्छ ठेवला की तत्त्व बाजूस ठेवून वास्तूस हात लावण्याचे धैर्य त्यांना झाले.

मोटारीला देवळाची उपमा दिल्याबद्दल कोणी रागावू नये. देवपण मोटारीत नाही. परंतु सेवा आहे. घरातील म्हातारी माणसे, लहान मुले, आजारी माणूस यांना नेणे-आणणे ही त्या वाहनाची सेवा. ती जोवर त्या मोटारीकडून होते तोवर मोटार जुनी असली तरी तिचे स्थान आहे. ती दुसऱ्या मार्गाने अधिक चांगली होत असेल तर ती सेवा उचलून तिकडे नेण्यात पाप नाही. पूर्वजांनी देव हलविला. आपणांस पत्र्याचा सांगाडा हलविता येऊ नये काय?

तेव्हा प्रश्न असा उरतो की जमलेली रक्कम त्या सेवेवर जाते की दुसरीकडे. येथे आम्हांस थोडे कडू बोलावे लागेल. अलीकडे काही ठिकाणी जीर्णोद्धाराच्या नावाखाली कोरीव लाकडी खांब काढून सिमेंटचे खांब आणि मातीच्या शांत भिंतींवर चकचकीत संगमरवर आला, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. गळके छप्पर मात्र तसेच राहते. मोटारीचेही हेच होते. ‘आईसाठी गाडी नीट करून घेतो’ असे म्हणून चिरंजीव गॅरेजात जातात, आणि गाडी परत येते तेव्हा तिला रुंद चाके असतात, घुमणारा सायलेन्सर असतो, आणि पाठीमागच्या आसनाखाली असे ध्वनियंत्र असते की आईने कानांत कापूस घालून बसावे. ब्रेकचे पाते तेच, विजेच्या तारा त्याच, टायरची नक्षी उडालेली. आम्ही म्हणतो, शृंगार करावयाचा तर खुशाल करा, तो काही गुन्हा नाही; पण त्याला आईचे नाव देऊ नका. मोटारीचे गर्भागार म्हणजे तिचे ब्रेक, सुकाणू, टायर आणि तारा. पहिला रुपया तेथे गेला पाहिजे. तेथे जाऊन काही उरलेच तर मग रंगाचे पाहू.

कठोपनिषदातील रथाचे रूपक आपल्या वाचकांच्या परिचयाचे आहे : शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रिये घोडे. ऋषीने रथ नवा की जुना याची चौकशी केली नाही; त्याचे सारे लक्ष लगामाकडे आहे. ब्रेक न लागणारी मोटार कितीही प्रेमाने सांभाळलेली असली तरी ती रस्त्यावर आणणे म्हणजे स्वतःच्या ममतेची किंमत परक्या माणसास द्यावयास लावणे होय. समोरून पायी येणाऱ्याचा आपल्या आठवणींशी काय संबंध?

आता फटफटीकडे वळू. तिच्याविषयी तुच्छतेने बोलण्याची एक जुनी खोड आपल्या प्रतिष्ठित घरांत आहे. गोव्यात पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलींवर भाडे मारणारे पायलट किती घरे चालवीत आले आहेत, किती रुग्ण त्यांनी वेळेवर पोचविले आहेत, हे ज्यास ठाऊक आहे तो तसे बोलणार नाही. कष्टकऱ्याचे, विद्यार्थ्याचे, भटजींचेही ते वाहन आहे. पहाटेची पूजा करून दुसऱ्या गावच्या देवळात नैवेद्याच्या वेळेपूर्वी पोचणारे पुरोहित तिच्यावाचून काय करणार? तिला कमी पेट्रोल लागते, कमी जागा लागते, आणि अरुंद वाड्यात ती शेजाऱ्याची वाट अडवीत नाही. हे गुण लहान नाहीत.

परंतु तिच्यावर माणसे दोनच, हे कायद्याचे म्हणणे आहे. चालकामागे एक, अधिक नाही. आपण रस्त्यावर बाप, आई, टाकीवर एक मूल आणि मध्ये दुसरे असा संसार जाताना नित्य पाहतो. चार वर्षांखालील मुलास पट्ट्याने बांधावे, शिरस्त्राण घालावे आणि वेग चाळीस किलोमीटरवर जाऊ देऊ नये, असा नियम २०२२ साली जाहीर होऊन पुढील वर्षापासून लागू झाला. तो पट्टा आम्ही तरी फारसा पाहिला नाही. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मरण पावली, आणि त्यांत शंभरांतील चव्वेचाळीसांहून अधिक दुचाकीवरची होती. म्हणून जो गृहस्थ मोटार विकून मोटारसायकल घेतो त्याने आपला हिशेब पुरा मांडावा. पत्नी मागे बसेल, मुलांचे काय? आईचे काय? पावसात काय?

याचे उत्तर नाही असे मुळीच नाही. उत्तर बहुधा भाड्याच्या मोटारीत असते. वर्षाचे अकरा महिने ताडपत्रीखाली झोपणारी मोटार, तिचा विमा, तिचे नूतनीकरण, तिची डागडुजी यांवर जो पैसा जातो त्यात आईला महिन्यातून दोनदा देवळात आणि गरज पडेल तेव्हा डॉक्टरांकडे सुखाने नेऊन आणता येईल, आणि नेणारा मुलगा चालवण्याच्या काळजीतून सुटून तिच्या शेजारी बसेल. पण ही रक्कम मोटारसायकल घेताना त्याच दिवशी बाजूला काढून ठेवली पाहिजे. ‘लागेल तेव्हा पाहू’ म्हटले की ती कधीच लागत नाही. म्हाताऱ्या माणसांस मुलाचा खर्च वाचविण्याची सवय असते, ती विचारल्यावर ‘नको रे, गुडघा दुखतो’ म्हणून मोकळी होतात, आणि घरातील मंडळी तो गुडघा खरा मानून चालतात. आम्हांस या सर्व वादात सर्वांत गंभीर गोष्ट हीच वाटते. मोटार ठेवणारा आईचे नाव पुढे करून आपली हौस भागवितो, आणि मोटार काढणारा आईचे मौन संमती समजतो. दोघेही तिला बोलावून, बसवून, कोठे कोठे जावयाचे असते ते विचारीत नाहीत. या निर्णयात पहिला शब्द तिचा असावा. ती म्हणाली की मला आता जत्रेस जाणे झेपत नाही, पोरास कामावर जाण्यास गाडी घ्या, तर तो विषय तेथे संपला. पण ते तिने म्हणावे, आपण तिच्या वतीने म्हणू नये.

साडेतीनशे घनसेंटिमीटरची धडधडणारी मोटारसायकल घेऊन कोणी स्वतःस काटकसरी समजत असेल तर त्याविषयीही एक शब्द लिहावयास हवा. काटकसर म्हणून घ्यावयाची तर साधी घ्यावी. धुपारतीच्या वेळी देवळासमोरून सायलेन्सर कापलेली मोटारसायकल नेणारा आणि रुंद चाकांची मोटार नेणारा यांत आम्हांस काही अंतर दिसत नाही.

राहता राहिली ती जुनी मोटार. ती काढावयाची ठरल्यास कोणास द्यावी, हाही विचार करण्यासारखा भाग आहे, आणि तो सहसा कोणी करीत नाही. ब्रेक गेलेली मोटार स्वस्तात एखाद्या गरजू मनुष्यास विकणे म्हणजे आपल्या दारातील संकट त्याच्या दारात सोडणे. दोष असतील ते तोंडाने सांगावे, लिहून द्यावे; विक्रीची खबर चौदा दिवसांच्या आत वाहतूक कार्यालयास द्यावी, म्हणजे पुढील अपघाताची चौकशी आपल्या नावावर येत नाही. दुरुस्तीपलीकडे गेली असेल तर नोंदणीकृत मोडणी केंद्रात द्यावी; तेथे जमा केल्याचे प्रमाणपत्र मिळते. आणि जो जुना मिस्त्री तिचा कार्ब्युरेटर केवळ कानाने ऐकून जुळवीत असे, तो हयात असेल तर नेण्यापूर्वी त्यास एकदा बोलवावे. चालू स्थितीतील एखादा भाग दुसऱ्या कोणाच्या पद्मिनीस उपयोगी पडेल काय, हे त्यालाच ठाऊक असते.