नाव कोणाचे, नोंद कोणाची?

आपल्याला नाव मिळते ते दुसऱ्याकडून. मूल जन्मले की त्याच्या कानात अजान दिली जाते, अकीक्याला नाव ठेवले जाते आणि मग जन्मभर ते मूल त्या नावाला ओ देत राहते. नाव असे अंगाला चिकटते की नाव म्हणजेच माणूस, असे आपण समजून चालतो. पण जुन्या वस्तू, वास्तू आणि माणसे यांची नोंद करायची वेळ आली की हा समज पुरा पडत नाही. एका नावाची अनेक माणसे निघतात, एकाच माणसाची अनेक नावे निघतात. मग वहीत काय लिहायचे? प्रश्न वरवर कारकुनी वाटतो. आमच्या मते तो नीतीचा आहे.

जगभरच्या संग्रहालयांची 'आयकॉम' ही संघटना आहे. तिच्या दस्तऐवजीकरण समितीने वारशाच्या नोंदींसाठी 'सिडॉक सीआरएम' नावाचा आराखडा तयार केला आणि २००६ साली तो आयएसओ २११२७ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या रूपाने प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या संग्रहालयांच्या नोंदी संगणकावर एकमेकींशी जुळाव्यात, हा त्याचा हेतू. या आराखड्यात वस्तू वेगळी, नाव वेगळे आणि दोघांना जोडणारा दुवा वेगळा धरला आहे. त्यामुळे एका वस्तूला कितीही नावे जोडता येतात. नवे लिहिण्यासाठी जुने खोडावे लागत नाही. संग्रहालय वस्तूला जो क्रमांक देते, तोही एक प्रकारचे नावच मानला जातो. आणि तो देणे ही एक घटना असते. ती कोणी घडवली, केव्हा घडवली, हेही लिहिता येते. नावामागे नाव देणारा हात असतो, ही गोष्ट तिथे मान्य केलेली आहे.

या हाताचे महत्त्व दख्खनच्या इतिहासात मलिक अंबरइतके स्पष्ट क्वचितच दिसेल. हबशाण म्हणजे आजच्या इथिओपियात जन्मलेल्या या मुलाचे नाव चापू होते. तो गुलाम म्हणून विकला गेला. मीर कासिम अल्-बगदादी नावाच्या मालकाने त्याला शिकवले, इस्लामची दीक्षा दिली आणि अंबर हे नाव ठेवले. अंबर हे एक मोलाचे सुगंधी द्रव्य. गुलामांना अशी नावे देण्याची तेव्हा रीतच होती. काफूर म्हणजे कापूर, याकूत म्हणजे माणिक. बाजारातल्या मौल्यवान मालाची नावे बाजारात विकल्या गेलेल्या माणसांना मिळत. पुढे हाच अंबर निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला आणि 'मलिक' ही उपाधी त्याच्या नावामागे लागली. ज्याला त्याचा पाडाव करता आला नाही, त्या जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत त्याला काळतोंड्या, करंटा अशा अर्थाची विशेषणे लावली. उलट शिवाजी महाराजांच्या आश्रयाने रचलेल्या 'शिवभारता'त त्याच्या पराक्रमाचा गौरव आहे.

आता अंबरची नोंद करताना यातले कोणते नाव ठेवावे आणि कोणते गाळावे? जहांगीरची शिवी गाळावी, असे कोणालाही वाटेल. सूरह अल्-हुजुरातमध्ये एकमेकांना वाईट नावांनी हाक मारायला मनाई आहे. पण हाक मारणे वेगळे आणि कोणी काय हाक मारली याची साक्ष ठेवणे वेगळे. शिवी गाळली तर अंबरची अब्रू वाढत नाही, मात्र बादशहाचा द्वेष झाकला जातो. म्हणून ती ठेवावी; पण जहांगीरच्या नावावर ठेवावी. ती नोंदीचे शीर्षक होता कामा नये. नावाशेजारी नाव देणाऱ्याचेही नाव लिहिले की शिवी ज्याची त्याच्याकडे परत जाते.

चापू या नावाचे काय? अंबर हे नाव मालकाने मायेने दिले असेल, आणि त्या माणसाने ते आयुष्यभर मिरवलेही. तरी जन्माचे नाव पुसण्याचा हक्क त्यामुळे कोणाला मिळत नाही. इथे आम्हाला हजरत जैद यांची आठवण होते. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी त्यांना मुलासारखे वागवले आणि लोक त्यांना जैद बिन मुहम्मद म्हणू लागले. सूरह अल्-अहजाबमधील आदेशानंतर ते पुन्हा जैद बिन हारिसा झाले. इतक्या प्रेमाच्या नात्यानेही जन्मदात्याचे नाव झाकू नये, असा हा दंडक आहे. ज्यांचे पिते ठाऊक नाहीत, त्यांना दीनी भाऊ मानावे, असेही तिथेच सांगितले आहे. म्हणजे नोंद खरी हवी. पण नोंदीतली जागा रिकामी आहे म्हणून माणसाचे मोल कमी होत नाही.

जे माणसाचे, तेच गावाचे. अंबरने १६१० मध्ये खडकीला शहर वसवले. त्याचा मुलगा फतेहखान याने त्याला फतेहनगर म्हटले. १६५३ मध्ये शाहजादा औरंगजेबाच्या काळात ते औरंगाबाद झाले आणि २०२३ मध्ये शासनाने ते छत्रपती संभाजीनगर केले. जिल्ह्याच्या कागदावर कोणते नाव असावे, हे शासन ठरवते. इतिहासाच्या नोंदीत मात्र चारही नावे आपापल्या सालासह राहिली पाहिजेत. खडकी पुसली तर अंबर पुसला जातो. औरंगाबाद पुसले तर त्या नावाने जगलेल्या, लिहिलेल्या, तिथे दफन झालेल्या पिढ्यांचे पत्तेच हरवतात. नवे नाव लिहायला नकार देणे हाही खोटेपणाच ठरेल. नोंदकर्त्याने कोणाची बाजू घ्यायची नसते, साक्ष द्यायची असते.

नावांचा एवढा घोळ असेल तर नुसता क्रमांकच का नको, असे कोणी विचारील. क्रमांकाचा उपकार आपण नाकारू नये. महंमद, मोहम्मद, मुहम्मद अशी एकाच माणसाची तीन कागदांवर तीन माणसे होतात आणि मग 'तो मीच' हे सिद्ध करायला चपला झिजवाव्या लागतात, हे आपल्या घराघरांना माहीत आहे. इस्म, कुनियत, नसब, निस्बत, लकब अशा परंपरेतून आलेली नावे 'नाव, वडिलांचे नाव, आडनाव' या तीन चौकटींत नीट बसत नाहीत. तिथे क्रमांक गल्लत टाळतो. पण क्रमांक 'हा तोच' एवढेच सांगतो, 'हा कोण' हे सांगत नाही. गुलामांच्या यादीतही नगांची मोजणी बिनचूक असू शकते. क्रमांकाने नावांना एकत्र बांधावे, त्यांची जागा घेऊ नये.

तरी एक अडचण उरतेच. सगळी नावे ठेवली तरी वर एखादे लिहावेच लागते. श्रीगोंद्याला शेख महंमदांच्या स्थानाला कोणी दर्गा म्हणतो, कोणी समाधी. दोन्ही हाका श्रद्धेच्या आहेत. वर कोणते नाव, यावर भांडण होऊ शकते, आणि कोणताही आराखडा ते मिटवू शकणार नाही. त्याला एवढेच करता येते की वरचे नाव खालच्या नावाचा गळा घोटणार नाही. बाकीचे काम माणसांच्या इन्साफाचे आहे.

आणि या कामाला संग्रहालयाची वाट पाहायचे कारण नाही. आपल्या मशिदींच्या वह्या, कब्रस्तानातले दगड, निकाहनामे, घरातल्या ट्रंकेतले जुने दाखले यांत आपली नावे जशी लिहिली गेली तशी पडून आहेत. त्यांची नोंद करताना आज शुद्ध वाटणारे रूप लिहून जुने 'अशुद्ध' रूप खोडू नये. दोन्ही ठेवावीत, आणि कोणी, केव्हा लिहिले तेही ठेवावे. नावे ही आपल्याकडे असलेली अमानत आहे. अमानत जशी मिळाली तशी पोचवायची असते.