देणे आणि वाटणे

“घरच्यांनी शिकू दिले,” हे वाक्य विदुषींच्या चरित्रात हमखास सापडते. त्यातल्या ‘दिले’ या शब्दापाशी मी नेहमी अडखळतो. पुरुषाच्या चरित्रात हे क्रियापद सहसा येत नाही.

आमच्या शिरूर तालुक्यात इनामगावचे उत्खनन १९६८ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजाने केले. त्याच कॉलेजात इरावती कर्वे १९३९ पासून होत्या. १९२६ साली लग्न होऊन त्या महर्षी कर्व्यांच्या सून झाल्या. महर्षींनी १९१६ सालीच स्त्रियांचे विद्यापीठ काढले होते. तरी सुनेने शिकण्यासाठी जर्मनीला जावे हे त्यांना पसंत नव्हते. पती दिनकरराव ठाम राहिले आणि बाई बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आल्या. एवढ्या थोर पुरुषालाही जे जगासाठी सोपे गेले, ते स्वतःच्या उंबऱ्याआत अवघड वाटले. मग तुमची-आमची काय कथा!

मी मॅट्रिक झालेला मास्तर, शाळा शिरूरला. पत्नी एम. एस्‌सी.; एस. टी.ने दौंडला जाऊन कॉलेजात शिकवते. लोक मला म्हणतात, “मास्तर, तुमचे मन मोठे!” मी रात्री कादंबरी लिहीत बसतो, तेव्हा मुलांचा अभ्यास ती घेते. पण “तुम्ही मास्तरांना लिहू देता हो!” असे तिला अद्याप कोणी म्हटलेले नाही.

आता तिला पीएच. डी. करायची आहे. त्यासाठी काही काळ पुण्यास राहावे लागेल. इकडे माझी आई थकली आहे, धाकटी दहावीत आहे. म्हाताऱ्या माणसाची सेवा टाकावी असे कोण म्हणेल? घर सांभाळणे हे काम हलके नव्हेच. प्रश्न एवढाच, की ते तिच्याच वाट्याचे असे ठरवले कुणी? पूर्वी सासू ठरवीत असे. आज नवऱ्याचे मौन ठरवते.

औदार्य हा मालकाचा गुण आहे. संसारात कोणी मालक नसेल, तर उरते ती वाटणी. जूनपासून सकाळचा स्वयंपाक आणि आईची औषधे माझ्याकडे. कादंबरी रखडेल, रखडो.

वाचकहो, फराळाला सारे एकत्र बसाल, तेव्हा एक यादी करून पाहा: या घरात कोण कुणाला काय करू देते? मात्र ती दोन्ही बाजूंनी लिहा.