आहाराचे ज्ञान आणि आहाराचा नियम

योग्य काय हे कळलेला मनुष्य तसा वागतोच का, हा नीतिशास्त्रातील जुना प्रश्न आहे. चांगल्याचे खरे ज्ञान झालेला कोणीही जाणूनबुजून वाईट करीत नाही, अशी सॉक्रेटिसची भूमिका होती. अॅरिस्टॉटलने मात्र चांगले कळूनही वासनेपुढे नमणाऱ्या असंयमाची स्वतंत्र मीमांसा केली. आणि आपल्या परंपरेत धर्म जाणूनही त्याकडे प्रवृत्ती होत नाही, अशी कबुली दुर्योधनाच्या तोंडी घातलेली आढळते. या वादात आहारविषयक मार्गदर्शक सूचना नकळत सॉक्रेटिसची बाजू घेतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १७ सूचनांत रोजचे अन्न किमान आठ अन्नगटांतून यावे, मीठ-साखर मर्यादित असावी, असे सांगितले आहे. सूचना शास्त्रशुद्ध आहेत, परंतु त्या जाणणाऱ्या बुद्धीला उद्देशून आहेत, आणि जेवणारा मनुष्य केवळ बुद्धी नसतो.

२०१८ मध्ये आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत आलेल्या धाराशिव जिल्ह्यात हे स्पष्ट दिसते. मार्गशीर्षातील वेळ अमावास्येला, म्हणजे तेथील बोलीतल्या येळवशीला, शेतात कडब्याची कोप उभारून पूजा होते आणि ताकातली आंबील, ओले दाणे, पालेभाज्या व बेसन यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर असे जेवण पाहुण्यांसह होते. आहारतज्ज्ञांना हवे असलेले वैविध्य त्या दिवशी कोणत्याही उपदेशाविना साधते, म्हणजे उणीव ज्ञानाची किंवा पाककौशल्याची नाही. ते जेवण हंगामाने, नैवेद्याने आणि पंगतीने बांधलेले असते. एरवीचे ताट मात्र बाजारभाव आणि रेशन दुकान ठरवते. खरिपाच्या ज्वारीच्या जागी विकण्यासाठीचे सोयाबीन आले, २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्याची तरतूद असूनही प्रत्यक्षात प्रामुख्याने गहू-तांदूळ मिळत राहिले, आणि अशा स्थितीत २०२३ च्या भरडधान्य वर्षात झालेला ज्वारीचा गौरव ताटापर्यंत पोहोचणे अवघड होते.

तरीही आहार मुळीच बदलत नाही, असे म्हणता येत नाही. संत गोरोबाकाकांच्या तेर गावाचा वारसा सांगणाऱ्या याच जिल्ह्यात, तुळशीची माळ गळ्यात घातल्यावर मांस आणि मद्य जन्मभर सोडणारे माळकरी आहेत. त्यांना पोषणशास्त्र कोणी शिकवलेले नसते. माळ हा संकल्प असतो, म्हणजे देवापुढे आणि लोकांसमोर स्वतःला बांधून घेणे. तो एकादशी आणि वारी यांमुळे पुनःपुन्हा ताजा होतो आणि संगतीच्या नजरेत राहतो. माळकरी रोज नव्याने मोहाशी झगडत नाही, कारण काय खावे या प्रश्नाच्या आधी आपण कोण, हा प्रश्न त्याने सोडवलेला असतो. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायातील आहारविचार बहुधा पथ्याची यादी म्हणून वाचला जातो. वस्तुतः तेथे कोणत्या वृत्तीच्या माणसाला कोणते अन्न प्रिय होते, हे सांगितले आहे. उलट छांदोग्य उपनिषद आहाराच्या शुद्धीतून अंतःकरणाची शुद्धी होते, असे मानते. वृत्ती आधी की आहार आधी, हा पेच व्रत कृतीने सोडवते: आधी आचरण, मग त्यातून घडणारी रुची.

मात्र व्रत पावित्र्याचे रक्षण करते, पोषणाचे करीलच असे नाही. एकादशीला धान्य वर्ज्य करून साबुदाण्यासारखा जवळजवळ निव्वळ पिष्टाचा पदार्थ भरपूर खाता येतो, आणि ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण नियमाचे अक्षर पाळून त्याचा हेतू हरवणे लोकांना ठाऊक असल्याचे दाखवते. शिवाय उपवासांचा भार पुष्कळदा घरात सर्वांत शेवटी जेवणाऱ्या स्त्रीवर पडतो. तिच्या दृष्टीने आणखी एक त्याग हे आरोग्याचे साधन ठरू शकत नाही.

म्हणून ज्ञान आणि नियम यांना परस्परांची गरज आहे: नियमावाचून ज्ञान निष्क्रिय राहते आणि ज्ञानावाचून नियम आंधळा होतो. संकल्प मात्र निवडीची मुभा असलेल्यालाच करता येतो. ज्याच्या घरी डाळ आणि भाजी येतच नाही, त्याला संयम शिकवणे हे नीतिदृष्ट्याही असमर्थनीय आहे. आहारविषयक सूचना अपयशी ठरते तेव्हा ऐकणाऱ्याच्या दुर्बल इच्छेला दोष देण्यापूर्वी, ती पाळण्याजोगी परिस्थिती आणि ती पाळणाऱ्यांची संगत निर्माण झाली होती का, हे तपासणे सूचना देणाऱ्याचे कर्तव्य ठरते.