हें तुला कोणीं सांगितलें?

शोधनिबंध लिहिण्यास शिकविणें म्हणजे नेमकें काय शिकविणें, हा प्रश्न वरवर पाहतां शिक्षणशास्त्राचा वाटतो. परंतु थोडें खोल शिरलें कीं तो नीतिशास्त्राच्या प्रांतांत जातो. निबंधाचे भाग किती असावेत, गोषवारा कोठें द्यावा, तळटीपेंत ग्रंथकाराचें आडनांव आधीं कीं नांव आधीं, हे सारे शिष्टाचाराचे नियम होत, आणि शिष्टाचार दुरूनही शिकवितां येतो. पण मला जें ठाऊक आहे त्याहून एक अक्षरही अधिक मीं सांगूं नये, आणि जें सांगेन तें मला कोठून मिळालें हें वाचकापासून लपवूं नये, ही जी शोधनिबंधाच्या मुळाशीं असलेली प्रतिज्ञा, ती शिष्टाचारांत मोडत नाहीं. ती शीलांत मोडते. शील दुरून शिकवितां येतें काय?

हा प्रश्न आतां वादसभेपुरता राहिलेला नाहीं. केंद्र सरकारनें २०१७ सालीं 'स्वयम्' हें ऑनलाईन शिक्षणाचें व्यासपीठ उघडलें, आणि शैक्षणिक लेखनाचा अभ्यासक्रम तेथें कोणालाही घरबसल्या घेतां येऊं लागला. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१९ च्या अखेरीस पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांस संशोधनाच्या व प्रकाशनाच्या नीतीचा एक अभ्यासक्रमच आवश्यक केला. पुढें २०२० च्या शैक्षणिक धोरणानें चार वर्षांच्या पदवीच्या शेवटीं संशोधनाला जागा करून दिली. अर्थात् पूर्वीं जें काम मूठभर पंडितांचें समजलें जाई, तें आतां भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतील मुलामुलींच्याही वांट्यास आलें आहे. आम्हांस हें इष्टच वाटतें. भोरहून पुणें पन्नास-एक किलोमीटर. परंतु नीरा-देवघरच्या जलाशयामागील एखाद्या वाडीवरून, किंवा वेल्हें तालुक्यांत (त्याचें नांव राजगड करण्याचा निर्णय २०२४ सालीं झाला) तोरण्याच्या पलीकडल्या अंगाच्या गांवांतून निघालें, तर तेंच अंतर दुप्पट वाटूं लागतें, आणि भर पावसाळ्यांत एस.टी.चा भरंवसा धरणें हें धाडसाचें काम असतें. अशा ठिकाणीं विद्या मोबाईलवर उतरून येत असेल तर तिला नाक मुरडण्याचा अधिकार शहरांत ग्रंथालयाशेजारीं राहणाऱ्यांस नाहीं.

अडचण आहे ती त्या मार्गानें येणारी नीति कोणत्या वेषांत येते याची. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनीं वाङ्मयचौर्याच्या पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. प्रबंधांतील मजकुराचें इतरत्रच्या मजकुराशीं साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाहीं. दहा ते चाळीस असेल तर सहा महिन्यांच्या आंत निबंध सुधारून द्यावा. चाळीस ते साठ असेल तर वर्षभर तो पुन्हां सादर करतां येणार नाहीं. आणि साठाच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द. हे आंकडे ठरविणाऱ्यांचा हेतु वाईट होता असें कोणी म्हणणार नाहीं. प्रबंधांचे ढीग तपासावयाचे, माणसें थोडीं, आणि दोन प्रामाणिक लेखकांचीं कांहीं वाक्यें योगायोगानेंही जुळतात; तेव्हां कोठें तरी रेषा ओढणें भागच होतें. परंतु ज्या विद्यार्थ्याला नीतीची पहिली ओळख टक्केवारीनेंच होते, तो तिच्यापासून काय उचलतो? वेल्ह्याच्या गवळ्याला दुधांत दहा भाग पाणी चालेल असें लेखी कळविलें, तर अकरावा भाग तो घालणार नाहीं हें खरें. पण दहा भाग मात्र बिनचूक घालील. 'साध्य' ऐवजीं 'सिद्ध' आणि 'कारण' ऐवजीं 'हेतु' असे शब्द फिरविले कीं यंत्राचा आंकडा खालीं येतो, आणि आंकडा खालीं आला कीं पाप फिटलें, अशी एक नवीनच प्रायश्चित्तपद्धति त्यांतून निघाली आहे.

आमच्या मतें या घोटाळ्याचें एक कारण 'वाङ्मयचौर्य' या शब्दांतच आहे. चोरी म्हटली कीं धनी आला, आणि सारें लक्ष त्या धन्याच्या हानीकडे गेलें. ज्याचे शब्द घेतले त्याचें नुकसान होतें, नाहीं असें नाहीं. पण पुष्कळदां तो बिचारा मरून गेलेला असतो, किंवा त्याला कांहींच कळत नाहीं. खरा फसतो तो वाचक. वाचकाला लेखकावर अविश्वास दाखविण्याचा जो हक्क आहे, तो बजावण्याचें साधनच त्याच्या हातून काढून घेतलें जातें. तळटीप ही मालकाला दिलेली पावती नव्हे. 'माझ्या शब्दावर जाऊं नका, येथें जाऊन स्वतः पाहा' असें वाचकाला सांगणारी ती वाटदर्शक पाटी आहे.

याचें उदाहरण शोधण्यास भोरच्या मुलाला दूर जावें लागत नाहीं. कारी हें भोर तालुक्यांतील लहानसें गांव. तेथील जेधे देशमुखांच्या घरच्या जुन्या कागदांत एक शकावली होती: शके १५४० पासून १६१९ पर्यंतच्या, म्हणजे इ. स. १६१८ ते १६९७ च्या घटनांच्या त्रोटक नोंदी. विशेषण नाहीं, वर्णन नाहीं. अमुक सालीं अमुक झालें, इतकेंच. लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळामार्फत ती प्रसिद्ध केली. तिच्यांत शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेस, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० रोजीं, झाल्याची नोंद होती. तोंवर बखरींच्या आधारें १६२७ हें साल लोकांच्या मनांत रुजलेलें. उत्सव त्याच तिथीस होत. आतां कल्पना करावी कीं टिळकांनीं शकावली स्वतःजवळ ठेवून नुसतें 'खरें साल १६३०' एवढेंच लिहिलें असतें. त्यांच्या नांवाच्या वजनानें निम्म्या महाराष्ट्रानें मान डोलविली असती, आणि उरलेल्या निम्म्यानें त्याच नांवामुळें ती झटकून टाकली असती. पण कागद जसा होता तसा पुढें आला, कोणाच्या घरचा तेंही सांगितलें गेलें. म्हणून वाद घालणाऱ्यांस वाद घालण्याजोगें कांहीं मिळालें. तो वाद दीर्घ चालला. परमानंदाच्या 'शिवभारता'चा पाठिंबा तें काव्य १९२७ सालीं छापून निघाल्यावर मिळाला, आणि राज्य सरकारनें १९ फेब्रुवारी ही तारीख कायम केली ती २००१ सालीं. पंचाऐंशी वर्षें! त्या शकावलीला आज सगळे 'जेधे शकावली' म्हणतात. जेथून मिळाली त्या घराचें नांवच ग्रंथाचें नांव झालें. तळटीपेला याहून मोठा मान कोणता मिळावा?

राजवाड्यांचीही गोष्ट अशीच. 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या नांवानें त्यांनीं बावीस खंड काढले. प्रस्तावनांतील त्यांचीं अनुमानें पुढच्या अभ्यासकांनीं ठिकठिकाणीं मोडून काढलीं, आणि त्यांचा रागीट स्वभाव पाहतां हें त्यांना मुळींच रुचलें नसतें. परंतु तीं मोडण्यास लागणारीं हत्यारें बहुधा त्यांनींच छापलेल्या कागदांतून निघालीं. स्वतःला खोडून काढण्याची सोय वाचकाच्या हातीं देऊन ठेवणें, यालाच आम्ही संशोधकाचा प्रामाणिकपणा म्हणतों.

हल्लीं निबंध लिहून देणारीं बुद्धिमान यंत्रें निघालीं आहेत. तीं गुळगुळीत वाक्यें लिहितात, आणि कधीं कधीं अस्तित्वांतच नसलेल्या ग्रंथांचे संदर्भ पृष्ठांकासह देतात. साम्य मोजणाऱ्या यंत्राच्या लेखीं असा निबंध निष्कलंक ठरण्याचा संभव मोठा, कारण जो ग्रंथ नाहींच त्याच्याशीं साम्य कसें जुळावें? टक्केवारीची नीति येथें उघडी पडते. चोरी नाहीं, धनी नाहीं, शब्द सारे नवे; फक्त वाक्याच्या मागें उभें राहून 'हें मीं पाहिलें' असें म्हणणारें माणूस नाहीं.

पण यंत्राहून अवघड अशी एक परीक्षा आहे, आणि ती भोरच्या विद्यार्थ्याला विशेषेंकरून द्यावी लागते. रायरेश्वराच्या पठारावर बालशिवाजीनें स्वराज्याची शपथ घेतली ही कथा त्या खोऱ्यांतल्या मुलाला बाळघुटीबरोबर मिळते. रोहिडखोऱ्याचे देशपांडे दादाजी नरसप्रभु यांस शिवाजी महाराजांनीं लिहिलेलें १६४५ चें एक पत्र छापून प्रसिद्ध आहे. 'हिंदवी स्वराज्य' हा शब्दप्रयोग लोकांच्या तोंडीं बसला तो प्रामुख्यानें त्याच पत्रामुळें. आतां या पत्राच्या अस्सलपणाविषयीं कांहीं इतिहासाभ्यासकांनीं शंका घेतली आहे. शिवाय पत्रांत देवाचें नांव येतें तें रोहिरेश्वर असें, आणि परंपरा दाखविते रायरेश्वराकडे. समजा, कारीजवळच्या एखाद्या वाडीवरील मुलगी आपल्या अभ्यासक्रमासाठीं या विषयावर निबंध लिहावयास बसली आहे. शंकेचे लेख तिनें वाचले आहेत. घरांत आजी आहे, भिंतीवर महाराजांची तसबीर आहे, आणि समोर खिडकींतून तें पठार दिसतें आहे. तिनें काय लिहावें?

शंका गाळून टाकणें हा एक मोह. त्यांत तिला कोणी चोर म्हणणार नाहीं, साम्याचा आंकडाही वाढणार नाहीं, आणि गांवांत कौतुक होईल. पण जें आपणांस ठाऊक आहे तें वाचकाला कळूं नये अशी तजवीज करणें ही लबाडी होय, मग ती कितीही भक्तीनें केलेली असो. दुसरा मोह शहराकडून येतो, आणि तो अधिक फसवा आहे: दोन लेख वाचून सारी परंपरा 'भाकडकथा' म्हणून उडवून द्यावी व आपण निर्भय संशोधक म्हणून मिरवावें. येथेंही ठाऊक असल्याहून अधिकच सांगितलें जातें. पत्राविषयीं शंका असणें म्हणजे पत्र बनावट ठरणें नव्हे. आणि उद्यां पत्र बनावट ठरलें तरी शपथ झालीच नाहीं हें तेवढ्यावरून सिद्ध होत नाहीं. सिद्ध होतें तें इतकेंच कीं त्या पत्राच्या बळावर ती झाली असें म्हणतां येणार नाहीं. लोक काय मानतात तें 'लोक मानतात' म्हणून, पत्रांत काय आहे तें 'पत्रांत आहे' म्हणून, आणि शंका कोणाची व कशावरून तें शंका म्हणून, अशा तीन निरनिराळ्या वजनाच्या वाक्यांत तिला लिहावें लागेल. व्याकरणाच्या दृष्टीनें हीं तिन्ही वाक्यें सोपीं आहेत. पण आजीला काय वाटेल हें मनांत असतां तीं लिहिणें सोपें नाहीं, आणि आजीला दुखवून पुण्याच्या परीक्षकाला खूष करण्याची हौस आवरणें त्याहून सोपें नाहीं.

ऑनलाईन व्याख्यानांतील विद्वान् गृहस्थ या क्षणीं तिच्या उपयोगी पडत नाहींत. त्यांचें व्याख्यान उत्तम असेल. परंतु तें एकदां बोलून झालेलें आहे, आणि ऐकणारी कोण, कोणत्या खिडकीशीं बसली आहे, हें त्यांस माहीत नाहीं. स्वाध्यायाच्या शेवटीं चार पर्याय असतात; त्यांतल्या एकावर खूण केली कीं गुण मिळतात. जुन्या शाळेंतला मास्तर पाटीकडे पाहून एकच विचारी: 'हें तुला कोणीं सांगितलें?' तो दरडावून विचारी हा त्याचा दोष. पण प्रश्न मात्र नेमका होता. दूरस्थ शिक्षण त्या प्रश्नाला मुळांतच अक्षम आहे असेंही आम्ही म्हणणार नाहीं. कच्च्या खर्ड्याच्या समासांत तो प्रश्न शंभर कोसांवरूनही लिहितां येतो, आणि पोस्टानें स्वाध्याय तपासणारे कित्येक गुरुजी तो लिहीतही. मात्र त्यासाठीं एका माणसानें एका मुलीचा खर्डा सबंध वाचावा लागतो. हजारोंच्या अभ्यासक्रमांत पहिली काटछांट होते ती याच खर्चाची, आणि तो वांचविल्यावर जें उरतें त्याला शिक्षण म्हणण्यापेक्षां सूचनापत्रक म्हणणें अधिक बरोबर.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाहीं. हे अभ्यासक्रम बहुतेक इंग्रजींत चालतात आणि निबंधही इंग्रजींतच मागतात. म्हणजे कारीच्या कागदांवर, कारीच्या शेजारच्या मुलीनें लिहिलेला निबंध कारींत कोणालाच वाचतां येऊं नये, अशी व्यवस्था आपोआप होते. ज्यांच्याविषयीं लिहिलें त्यांच्यासमोर तें कधीं जातच नसेल, तर कमीअधिक लिहिण्याचें भय कोणाचें राहणार? परीक्षकाला रोहिडखोरें नकाशावर शोधावें लागेल. त्याला फसविणें कठीण नाहीं.

म्हणून आमची एक साधी सूचना आहे. अभ्यासक्रम कोठूनही चालो; तालुक्याच्या महाविद्यालयानें असा निबंध परीक्षकाकडे जाण्यापूर्वीं एकदां मराठींत, त्या गांवांत, त्या लोकांसमोर वाचवून घ्यावा. देवळाच्या ओसरीवर पंचवीस माणसें जमलीं तरी पुरे. खर्च चहापुरता. मुलगी तें शंकेचें वाक्य वाचील तेव्हां कोणी तरी उठून म्हणेल कीं पत्र खोटें कसें, आमच्या आज्यानें हेंच सांगितलें होतें. आणि तिला, आवाज न चढवितां, कोणत्या लेखांत काय आहे तें सांगावें लागेल, आणि आज्यानें सांगितलेलेंही तेथेंच, सांगणाराच्या नांवानिशीं, उतरून घ्यावें लागेल. कदाचित् एखादा म्हातारा कांहींच न बोलतां घरीं जाईल, माळ्यावरचा रुमाल खालीं काढील, आणि गांठ सोडण्यापूर्वीं विचारील कीं कागद नेलेस तर परत कधीं आणून देशील.