रक्त ते रक्तच?

पॅप तपासणीत गर्भाशयमुखाच्या पेशी ब्रशने हलक्या खरवडून घेतात. नंतर एखादा दिवस थोडं रक्त दिसतं, हे नर्सताईंनी सांगितलंच होतं. (जास्त गेलं, ताप आला तर मात्र परत यायचं.) माझी काळजी वेगळी: सिरोंच्याहून गोदावरीपलीकडे कालेश्वरमला जायचं होतं, एकाच पीठावरल्या दोन लिंगांच्या दर्शनाला.

अत्तम्मा, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "रक्त ते रक्तच."

मग गुडघा फुटलेला पोरगा गाभाऱ्यात कसा चालतो? विटाळावाचून कुणाचा देह घडला, हे चौदाव्या शतकात विचारणाऱ्या संत सोयराबाई मला शास्त्र्यांहून नेमक्या वाटतात. अत्तम्मांना नाही पटलं. तरी आम्ही गेलो. पुलावर त्या गप्प, पलीकडे उतरताच नारळाच्या भावावरून माझ्याशीच वाद.