नाव ठेवणारे

मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत अवघ्या एका मात्रेचे अंतर आहे. पहिले काम बाराव्या दिवशी आत्याने करायचे, दुसरे उरलेल्या जगाने जन्मभर. पण माणसाला अखेर चिकटते ते नाव या दोहोंपैकी कोणी ठेवलेले असते? आत्याने पाळण्यात ठेवलेले नाव शाळेच्या दाखल्यावर राहते आणि गल्ली त्याला भलत्याच नावाने हाक मारते. नाव ही ज्याची त्याची मालमत्ता म्हणायची, की ज्यांना त्याच्याशी व्यवहार करायचा आहे त्यांची सोय? हा प्रश्न मला अगदी सुट्या, स्वच्छ रूपात भेटला तो एका अमेरिकन पत्त्यांच्या खेळात. म्हणून आज त्या खेळाविषयी लिहीत आहे. दिवाळीत पत्ते निषिद्ध नाहीत.

आपल्या झब्बूत किंवा मेंढीकोटात कॅट सगळ्यांना मिळून एक असतो. पिसायचा, वाटायचा आणि नशिबी येईल ते पान हातात धरायचे. रिचर्ड गारफील्ड या गणिताच्या प्राध्यापकाने रचलेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ १९९३ साली बाजारात आला, त्यात मात्र प्रत्येक खेळाडू आपला कॅट घरून रचून आणतो. हजारो निरनिराळ्या पानांतून निदान ६० निवडायची. जमिनीची साधी पाने सोडली तर एकच पान चारपेक्षा अधिक वेळा घ्यायचे नाही. जमिनीच्या पानांतून शक्ती काढायची, त्या शक्तीवर प्राणी आणि मंत्र उतरवायचे आणि समोरच्याच्या आयुष्याचे २० गुण संपवायचे. या रचलेल्या कॅटाला खेळाडू ‘डेक’ म्हणतात. मी स्वतः एकही डाव खेळलेलो नाही. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात नोकरी करतो आणि शनिवार-रविवार या पानांत घालवतो. त्याच्याकडून मी ही विद्या ऐकली आणि मग मागे लागून तिचा इतिहास वाचला.

मला नवल वाटले ते या गठ्ठ्यांना नावे असतात याचे. वस्तुतः खेळाला नावाची गरज नाही. मोठ्या स्पर्धेत पंचांकडे आपल्या पानांची यादी लिहून द्यावी लागते, तेवढ्याने भागते. रचणाऱ्यालाही नावाचे अडत नाही, कारण त्याचा डेक त्याच्या खिशात असतो. नाव लागते ते हरलेल्याला. तो घरी जातो, मित्र विचारतात, ‘कशाकडून हरलास?’ तेव्हा ६० पानांची यादी म्हणून दाखवता येत नाही. तेथे एक शब्द लागतो, आणि तो शब्द डेकचा जन्म पाहिलेल्याने नव्हे, तर त्याचा मार खाल्लेल्याने उच्चारलेला असतो.

आपल्या जुन्या शास्त्रकारांनी शब्दांचे यौगिक, रूढ आणि योगरूढ असे भेद सांगितले आहेत. लिहितो म्हणून लेखक, हा यौगिक. ‘घोडा’ म्हणजे घोडा, त्याची फोड करून हाती काही लागत नाही, हा रूढ. आणि चिखलात जन्मणारे पुष्कळ काही असले तरी ‘पंकज’ म्हणायचे ते कमळालाच, हा योगरूढ. संस्कृतच्या तासाला बाकावर पेंगत ऐकलेली ही विभागणी या अमेरिकन गठ्ठ्यांना इतकी चपखल बसते की शास्त्रकारांना हसू आले असते.

‘ड्रॉ-गो’ हे नाव यौगिक. हा डेक खेळणारा आपल्या पाळीत काहीच करीत नाही. पान उचलतो, जमीन ठेवतो आणि ‘तुझी पाळी’ म्हणतो. त्याचे सारे कर्तृत्व दुसऱ्याच्या पाळीत, दुसऱ्याचे मंत्र मोडण्यात. हे नाव मालकापेक्षा समोर हात चोळीत बसलेल्याला सुचले असावे असा माझा तर्क आहे. ‘ट्रॉन’ हे योगरूढ. अर्झा नावाच्या काल्पनिक यंत्रज्ञाची खाण, वीजघर आणि मनोरा अशी जमिनीची तीन पाने १९९४ साली निघाली. एकेकट्याने ती प्रत्येकी एकच शक्ती देतात, पण तिन्ही एकत्र आली की एकदम सात. अमेरिकेतल्या मुलांच्या एका व्यंगपटात सुटे सिंह एकत्र जुळून ‘व्होल्ट्रॉन’ नावाचा प्रचंड यंत्रपुरुष होत असे. त्यावरून ‘अर्झाट्रॉन’ आणि पुढे नुसते ‘ट्रॉन’. पाने जुळवून बळ आणणारे डेक पुष्कळ आहेत, पण ट्रॉन म्हणायचे ते यालाच.

काही नावांत तर्क शोधू नये. एका डेकला ‘फ्रूटी पेबल्स’ म्हणत; हे तिकडच्या मुलांच्या न्याहारीच्या डब्यावरचे नाव. पुढे त्यात काळ्या रंगाची पाने आली तेव्हा तो ‘कोको पेबल्स’ झाला, आणि मग त्याच घराण्यात आणखी एका न्याहारीच्या नावाचा ‘ट्रिक्स’ आला. या ट्रिक्सची करामत अशी की, खेळाडू एक मायावी पान उतरवून स्वतःचे आयुष्य २० गुणांनी वाढवी आणि मग ते पान शत्रूला दान करी. त्या पानाचा दर पाळीला वाढता खर्च न झेपून ते मोडले की ज्याच्याजवळ ते असेल त्याचे २० गुण जात. दानाने मारणारा डेक, आणि त्याला नाव लहान मुलांच्या खाऊचे!

‘जुंड’ मात्र शुद्ध रूढ. २००८ साली निघालेल्या मालिकेत अलारा नावाच्या जगाची पाच शकले होती. त्यांतले एक जुंड. काळा, लाल आणि हिरवा या तीन रंगांचे, ड्रॅगनांचे आणि शिकारीचे. त्या रंगांच्या डेकला लोक जुंड म्हणू लागले. पुढे ती मालिका मागे पडली, तरी नाव राहिले. त्या डेकचे भूषण समजले जाणारे ‘ब्लडब्रेड एल्फ’ हे पान जानेवारी २०१३ मध्ये ‘मॉडर्न’ या प्रकारच्या स्पर्धांत बंद करण्यात आले. डेक जुंडच राहिला. फेब्रुवारी २०१८ मध्ये ते पान परत आले, तेव्हा घराच्या दारावर तीच पाटी होती. आपल्याकडे चार पिढ्या नागपुरात काढलेले नगरकर असतात आणि दाट केसांचे टकले असतात. त्यांना कोणी हटकत नाही.

याहून मौजेची गोष्ट ‘द रॉक’ची. सॉल माल्का या खेळाडूने काळ्या-हिरव्या रंगांचा एक डेक रचला आणि त्याला तेव्हाच्या एका लोकप्रिय मल्लाच्या घोषणेवरून ‘रॉक आणि त्याचे लक्षावधी’ असे नाव दिले. त्यातला एक रोगराईचा सरदार हा रॉक, आणि एका वेड्या जोग्याने आणलेल्या खारी हे त्याचे लक्षावधी. कालांतराने सरदारही गेला आणि खारीही गेल्या. तरी त्या दोन रंगांचा, सावकाश, झिजवून मारणारा डेक दिसला की लोक म्हणत राहिले, ‘हा रॉक.’ येथे रचणाऱ्याने दिलेले नाव टिकले खरे, पण त्याने ज्या अर्थाने दिले त्या अर्थाने नव्हे.

आणि आता ज्यासाठी एवढी प्रस्तावना केली ते नाव. १९९६ साली अटलांटा येथे एका पात्रता स्पर्धेत पॉल स्लाय हा खेळाडू लाल रंगाचा एक डेक घेऊन बसला. त्यातले प्राणी पाहून लोक हसले असतील. कुचकामी म्हणून टाकून दिलेली पाने, ‘आयर्नक्लॉ ऑर्क्स’सारखी. पण त्यांची किंमत अशी बेताने मांडलेली होती की कोणत्याही पाळीत शक्ती वाया जाऊ नये. स्लाय दुसरा आला आणि त्या दिवसापासून त्या जातीच्या डेकला ‘स्लाय’ म्हणू लागले. परंतु डेक त्याचा नव्हता. तो रचला होता जे श्नायडर याने.

मी विद्यार्थ्याला म्हणालो, “अरे, हा उघड अन्याय आहे. लिहिले एकाने आणि मुखपृष्ठावर नाव दुसऱ्याचे.”

तो म्हणाला, “सर, पण टेबलावर कोण बसलं होतं? तसली पानं घेऊन चारचौघांत हसं होण्याची तयारी कुणी दाखवली?”

त्याचे म्हणणे मला अर्धेच पटते. धोका पत्करणाऱ्याला काही मिळावे हे खरे. त्याला दुसरा क्रमांक मिळाला. त्यावर आणखी दुसऱ्याच्या निर्मितीचे नाव कशासाठी? हापूसच्या नावात एक पोर्तुगीज गव्हर्नर बसला आहे असे सांगतात. ते कलम बांधणाऱ्या माळ्याचे नाव कोण सांगणार? मी कादंबऱ्या लिहितो, तेव्हा माझा कल माळ्याकडे आहे हे उघड आहे. माझ्या एका कादंबरीला मी महिनाभर झुरून एक नाव दिले. आमच्या गावच्या वाचनालयात ती ‘विहिरीवाली’ म्हणून मागतात. ग्रंथपालही आता तसेच म्हणतात. तिच्यात विहीर आहे, पण ती दोनच प्रकरणांत आहे.

तथापि विचार करता करता मला असे दिसू लागले की आम्ही दोघेही नावाला मजुरी समजत होतो. त्याच्या मते ती स्लायने कमावली, माझ्या मते श्नायडरने. पण ज्यांनी नाव उच्चारले त्यांनी कोणाला काही बक्षीस दिले नव्हते. त्यांना समोर स्लाय दिसला, मार स्लायच्या हातून बसला, म्हणून त्यांनी स्लाय म्हटले. निर्मात्याचे ऋण फेडणे हे निराळे कर्तव्य आहे, आणि ते नावाच्या गळ्यात बांधून आपल्याला मोकळे होता येत नाही. ते ज्याने त्याने तोंडाने फेडायचे. येथे एक विलक्षण गोष्ट घडली आहे. या डेकचा इतिहास जो जो सांगतो तो तो ‘पण रचला श्नायडरने’ हे वाक्य जोडतो. नाव चुकीच्या माणसाचे आहे म्हणूनच खुलासा करावा लागतो. लोकांनी त्याला नुसते ‘लाल डेक’ म्हटले असते तर स्लायही विसरला गेला असता आणि श्नायडरही. हा अन्याय नव्हे असे मी म्हणत नाही. पण हकीकत टिकली ती या अन्यायाच्या खुंटीला अडकून, हे नाकारता येत नाही.

रचणारा आणि हरणारा यांच्याखेरीज नाव ठेवू पाहणारा तिसराही असतो, तो म्हणजे पाने छापणारा. जपानात १९९९ साली निघालेल्या ‘यू-गी-ओ’ या खेळात पानांची घराणी नावानिशी छापूनच येतात. ‘ब्लू-आइज’ या नावाचे पान उचला, अशा आज्ञा पानावरच असतात, त्यामुळे बारसे कारखान्यातच उरकते. मॅजिकमध्येही हे हळूहळू शिरले. पांढऱ्या, काळ्या व हिरव्या रंगांच्या डेकला खेळाडू प्रेमाने ‘जंक’ म्हणजे भंगार म्हणत. आपल्याकडे मूल जगत नसले की पुढच्याचे नाव दगडू, धोंडू, केरबा ठेवीत, त्यातलाच हा लाड. २०१४ साली कंपनीने नव्या मालिकेत त्या तीन रंगांच्या टोळीला ‘अब्झान’ असे भारदस्त नाव दिले आणि पाहता पाहता लोक अब्झान म्हणू लागले. मला त्याचे वाईट वाटले. धोंडूचे नाव हजेरीपटावर परस्पर धनंजय करणारे गुरुजी मला आठवले.

पण नावाचा खरा धोका याहून खोल आहे. प्रतिस्पर्ध्याने दोन पाने टाकली की मुरलेला खेळाडू मनात म्हणतो, ‘जुंड.’ आणि उरलेली ५८ पाने त्याला दिसू लागतात, जी त्याने पाहिलेली नाहीत. बहुधा ती तशीच असतात. नावाचा उपयोगच तो. त्यावाचून तयारी करता येणार नाही. पण एखाद्याने त्यात दोन-चार पाने निराळी ठेवलेली असतात, आणि समोरचा ती येईपर्यंत त्यांची शक्यताही धरीत नाही. ज्या डेकला अजून नावच नाही त्याला ते ‘रोग’ म्हणतात. आपल्या कानांना आजार वाटेल, पण त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ कळपाबाहेरचा. त्याच्यासमोर बसणाऱ्याला प्रत्येक पान वाचावे लागते.

वर्ष सुरू झाले की आम्हा शिक्षकांच्या खोलीत अशीच देवघेव होते. ‘तिसऱ्या बाकावरचा तो ढ आहे, खिडकीजवळची ती हुशार आहे.’ ढ मुलाचे काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. हुशार ठरलेल्या मुलांचे काय होते ते कोणी सांगत नाही. मी पूर्वी ज्या शाळेत होतो तेथे तपासलेले पेपर माझ्या हाती आले होते, बेरजा पडताळण्यासाठी. वर्गातल्या पहिल्या मुलीने एका मोठ्या उत्तराच्या मधोमध, त्याच सुंदर अक्षरात लिहिले होते : ‘इथून पुढे मला काही समजलेले नाही.’ आणि मग पान भरले होते. तिला १० पैकी ८ गुण होते. तपासणारे सद्गृहस्थ मेहनती होते, आळशी नव्हते. त्यांनी वर नाव पाहिले, पहिल्या दोन ओळी पाहिल्या आणि उरलेले उत्तर त्यांना आपोआप दिसले. त्या मुलीने तो पेपर घरी नेला तेव्हा तिला आनंद झाला की एकटे वाटले, याचा मी आजही अधूनमधून विचार करतो.

हल्ली स्लाय हे नावही फारसे ऐकू येत नाही. तसा डेक दिसला की नवे खेळाडू ‘रेड डेक विन्स’ किंवा नुसते ‘बर्न’ म्हणतात. मात्र स्वस्त पाने अधिक, महाग पाने कमी अशी चढत्या किमतीची मांडणी करून प्रत्येक पाळीची शक्ती पुरेपूर वापरायची ही जी श्नायडरची दृष्टी, ती आता सगळ्या रंगांच्या डेकांत आहे. तिची ते कागदावर एक वक्ररेषा काढतात, आणि नवशिक्याला बहुधा पहिल्याच दिवशी ती शिकवतात. त्या रेषेला कोणाचेच नाव नाही.